सुमनची हजेरी

घरात काहीही आलं की सुमन आधी त्याची पाठ वाचायची. शांपूची बाटली, डाळीची पिशवी, डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट. दारातून पिझ्झावाल्याचा कागद आत पडला तरी चष्मा लावून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची आणि शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत जायची. मी म्हणायचो, "अगं, फेक तो. आपण काय पिझ्झा खाणार आहोत?" ती म्हणायची, "खायचं नाही, पण त्यानं एवढं लिहिलं तं कोणी वाचावं ना बाप्पा."

तुमच्यापैकी बहुतेकांनी तिला पाहिलेलं नाही. पाहिलं असेल तर बुद्धविहारात, दाराशी सगळ्यांच्या चपला जोडीने लावताना. सुमन माझी बायको. नागपूरची, दहावी पास. मी सातवी नापास, म्हणजे घरात शिकलेली तीच. एकतीस वर्षं संसार केला, त्यातला बराचसा इकडे इंग्लंडमध्ये, स्लाऊ गावात. मी गोडाऊनमध्ये खोकी उचलायचो, ती म्हाताऱ्या माणसांच्या होममध्ये कामाला. मला लिहायची सवय नाही. पण ती गेल्यावर पुण्यानुमोदनाला लोक आले आणि जो तो म्हणाला, "फार शांत होत्या हो काकू." शांत? मला रागच आला. म्हणून लिहितोय.

होममध्ये तिचं काम म्हणजे म्हाताऱ्यांना अंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं. तिथे डोरिस नावाची एक गोरी म्हातारी होती, अंथरुणाला खिळलेली. सुमनला तिची टाच लाल दिसली. तिने नर्सला सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत सांगितलं, तिसऱ्या दिवशीही. नर्स "हो हो" म्हणाली आणि विसरली. पंधरा दिवसांत टाचेला जखम होऊन म्हातारी हॉस्पिटलात गेली. मग चौकशी झाली. फायलीत टाचेबद्दल एक अक्षर नव्हतं, म्हणजे कोणी काही पाहिलंच नव्हतं. सुमनला कोणी विचारलंसुद्धा नाही.

त्या दिवशी ती घरी आली ती बोलतच. "धुतलं मी, पाह्यलं मी, अन् लिहिते ती!"

"मग तू लिहायचं."

"मले परवानगी नाही. फाइल नर्सची असते."

"मग हो नर्स," मी टीव्हीकडे बघत म्हणालो. चेष्टेनेच म्हणालो.

तिने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "काहून नाही होणार?"

हे 'काहून', म्हणजे 'का', हा तिचा पेटंट शब्द. स्लाऊच्या थंडीत कढीपत्ता काहून नाही होणार? मला पन्नाशीत पोहायला काहून नाही येणार? कढीपत्ता मेला आणि मी पोहायला शिकलो नाही, पण तिचं विचारणं थांबलं नाही.

आमची मुलगी रश्मी क्रॉयडनला एका ऑफिसात आहे. तिने चौकशी केली. नागपूरच्या दहावीवर युनिव्हर्सिटी दारात उभं करत नाही. पण ज्यांचं शिक्षण राहून गेलं अशा मोठ्या माणसांसाठी कॉलेजात एक वर्षाचा कोर्स असतो. तो पास झालं की युनिव्हर्सिटीत नर्सिंगला जाता येतं. सगळं सांगून झाल्यावर रश्मीच घाबरली. "आई, पण तू सिरियस आहे? तिथे सगळे माझ्याहून लहान असतील."

"मंग काय झालं? मी त्यायच्याशी लग्न लावून राहिली का?"

खरं सांगतो, मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. सत्तेचाळीस वर्षांची बाई दप्तर घेऊन बसस्टॉपवर उभी राहणार, याची मला लाज वाटली. शिवाय भाकरी कोण करणार हाही विचार होताच, तो लपवत नाही. ती गेली. होममध्ये दिवस कमी केले आणि सप्टेंबरात कॉलेजात जाऊन बसली. पुढे युनिव्हर्सिटीने पत्र दिलं, हा कोर्स पास झालीस तर तुझी जागा पक्की. ते पत्र तिने उशीखाली ठेवलं नाही की देव्हाऱ्यातही ठेवलं नाही, आमच्याकडे देव्हारा नाहीच. दोनदा वाचलं आणि फायलीत लावलं.

मग पहिला मोठा निबंध आला. विषय हात धुण्याचा. एकाचे जंतू दुसऱ्याला कसे लागतात आणि ते कसं टाळायचं. तिने मला विचारलं, कसं लिहू? मी म्हणालो, "पुस्तकातलं जसंच्या तसं उतरव. एक शब्द इकडचा तिकडे झाला की मार्क गेले. आमच्या गुरुजींनी मला त्यावरूनच फोडलं होतं." शाळेबद्दल मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. तिलाही तेवढंच ठाऊक. आमच्याकडे धडा तोंडपाठ म्हणेल तो हुशार, पुस्तकाचे शब्द बदलेल तो आगाऊ. तिने लायब्ररीतून जाडजूड पुस्तक आणलं, आठवडाभर घोकलं आणि कॉलेजच्या कॉम्प्युटरवर सहा पानं स्वल्पविरामासकट उतरवली. मोठ्या अभिमानाने देऊन आली.

कॉलेजचं पत्र आलं. दुसऱ्याचं लिखाण स्वतःचं म्हणून दिलंय, भेटायला या, कोर्समधून काढावं लागू शकतं. सुमनने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "यायनं मले चोर म्हटलं," ती म्हणाली. "चोर लपवते ना? मी तं एक शब्द नाही लपवला."

मी अर्धा दिवस सुट्टी टाकून तिच्याबरोबर गेलो. तिची ट्यूटर जोन, पिकलेल्या केसांची, टेबलावर सायकलचं हेल्मेट. मी आत जाताच माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "चूक माझी आहे. मी सांगितलं तिला. मला काढा." जोन म्हणाली, "तुम्हाला काढायला तुम्ही आधी इथे असायला हवं." सुमन हसली नाही. मीच हसलो, तोंड लपवायला.

मग जोनने ते जाड पुस्तक बंद करून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "सुमन, होममध्ये तू हात कसे धुतेस?"

सुमन आधी अडखळली. मग जी सुरू झाली ती थांबेना. नळ आपण घाणेरड्या हाताने उघडतो. मग धुतलेल्या हाताने तोच बंद केला तर काय धुतलं? म्हणून मी कोपराने बंद करते. नर्स करत नाही, मी पाहिलंय. अंगठ्याच्या बुडाशी कोणी साबण लावतच नाही. म्हाताऱ्यांचे हात कोणी धूत नाही, आपलेच सगळे धुतात. आणि तीच माणसं त्याच हाताने बिस्किट खातात. इंग्रजी तिचं माझ्यापेक्षा बरं, पण त्या दिवशी ती इंग्रजी बोलतेय हे तीही विसरली होती.

जोन म्हणाली, "हे लिही. मग पुस्तक काय म्हणतं ते सांग, आणि पुस्तकाचं नाव दे. एक आठवडा देते. पुढची संधी नाही."

बाहेर आल्यावर सुमन म्हणाली, "पण हे कोणत्याच पुस्तकात नाही ना. हे तं माहं आहे."

तीन दिवस किचनच्या टेबलावर कोरा कागद. तिला लिहवेना. स्वतःचं लिहायचं म्हणजे तिला उद्धटपणा वाटायचा. "माह्यावर कोण विश्वास ठेवन?" चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. ती कणीक मळत होती आणि मळता मळता कौन्सिलने कचऱ्याचे डबे कसे चुकीचे दिलेत ते सांगत होती. मी म्हणालो, "कणकेत हात असला की साऱ्या स्लाऊच्या चुका काढतेस, तेव्हा विचारतेस का कोणाला? तू बोल, मी लिहितो." जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि बसलो. ती बोलली, मी मराठीत लिहिलं, माझ्या वाकड्या अक्षरात. मध्येच मी विचारायचो, "हे असं का?" ती चिडायची, "एवढंही समजत नाही तुमाले?" आणि चिडून आणखी चांगलं सांगायची. मग शनिवारी बसून तिने त्याचं इंग्रजी केलं. फोनवर रश्मी म्हणाली, मी जरा नीट करून देते. तर तिला दम भरला, "तू तुझे शब्द घालू नको. नाही तं परत चोरी होईन."

ती पास झाली. त्यानंतर प्रत्येक निबंध तसाच झाला. ती पोळ्या करणार, मी लिहिणार. आयुष्यात मी जेवढं लिहिलं नव्हतं तेवढं त्या वर्षी लिहिलं. किडनीचं काम कसं चालतं ते मला अजून सांगता येईल.

वर्षाने ती युनिव्हर्सिटीत गेली. ट्रेनने चाळीस मिनिटं. काही महिन्यांनी तिला शिकायला हॉस्पिटलच्या वॉर्डात पाठवलं. एका संध्याकाळी ती आली आणि कोट न काढताच माझ्यासमोर उभी राहिली.

"आज लिहिलं."

"काय लिहिलं?"

"पेशंटच्या फायलीत. जे पाह्यलं ते. खाली सही केली. मोठ्या नर्सची पण आहे, पण आधी माही."

मी म्हणालो, "बरं. चहा टाक." गाढव मी. उठून तिचा कोट तरी हातात घ्यायला हवा होता.

दुसऱ्या वर्षाच्या थंडीत तिच्या पोटात दुखायला लागलं. ॲसिडिटी आहे म्हणायची. जेवण अर्ध्यावर आलं. बसल्या जागी पाठ धरायची. मी म्हणालो, डॉक्टरकडे जा. तर म्हणे, "टर्म संपू द्या. एक लेक्चर गेलं की मागचं पुढचं तुटते." मी दोनदा ओरडलो. मग मीही थकलो, कामावर जात राहिलो. एप्रिलात, ईस्टरच्या सुट्टीत तिचे डोळे पिवळे दिसले. तेव्हा नेली, तर कॅन्सर निघाला, उशीर झाला होता.

दहा आठवडे मिळाले. त्यातही हॉस्पिटलच्या कॉटवर पडल्या पडल्या स्वतःचा चार्ट मागून वाचायची. "दोन कप पाणी लिहिलं यायनं. मी एकच प्याली." तिथल्या पोरी हसायच्या आणि खोडून एक करायच्या. जून महिन्यात ती गेली. सकाळी, रश्मी आणि मी दोघंही होतो. एवढंच सांगतो.

नंतर युनिव्हर्सिटीत कळवायला पाहिजे म्हणून मी एकटाच गेलो. ऑफिसातली पोरगी चांगली होती, बिचारी खुर्ची घेऊन माझ्या बाजूला येऊन बसली. तिने फॉर्म काढला. कोर्स सोडल्याचा. कारण कोणतं, त्यापुढे चौकोन होते. नोकरी, घरची अडचण, तब्येत, कोर्स आवडला नाही. ती म्हणाली, "तब्येतीवर खूण करा, पुरे." मी म्हणालो, "नाही करणार. तिने सोडलेला नाही. ती मेली." पोरीने माझ्याकडे पाहिलं, चौकोन तसेच ठेवले आणि खाली स्वतःच्या हाताने ते लिहिलं.

मग तिने कॉम्प्युटरवर सुमनचं नाव काढलं. वर्गातला शेवटचा दिवस कोणता ते भरायचं होतं. बघता बघता तिचा चेहरा उजळला. माझं सांत्वन करावं म्हणून म्हणाली, "हजेरी बघा त्यांची. शेवटच्या दिवसापर्यंत एकही खाडा नाही."

"एकही?"

"एकही नाही. आमच्याकडे असं कोणाचंच नसतं."

मी तो कागद मागून घेतला. बाहेर येऊन बसस्टॉपवर उभा राहिलो. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, सगळे दिवस भरलेले. पाठ धरून भरलेले. डॉक्टरसाठी त्यातला एक दिवस पुरला असता की नाही, कोण जाणे. मी तिथेच उभा राहून तिला मोठमोठ्याने मराठीत शिव्या दिल्या. शेजारची गोरी बाई दोन पावलं सरकली. शिव्या संपल्यावर म्हणालो, शाबास. तेही मोठ्यानेच म्हणालो. बस आली तेव्हा दोन्ही बोलून झालं होतं, आणि यातलं खरं कोणतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.