हाजराबीच्या नावाचा गुत्ता

आता कचेऱ्यांत यंत्रातून गार हवा येते, पण तिला वास नसतो. लातूर नवं नवं जिल्हा झालं तेव्हा बाहेरून आलेल्या साहेबलोकांना इथलं ऊन सोसायचं न्हाई. उन्हाळा लागला की कचेरीच्या दारा-खिडक्यांना वाळ्याच्या मुळ्यांचे पडदे लागायचे; त्यांच्यावर पाणी मारलं की आत गार वारं. त्या पडद्यांचा गुत्ता आमच्या शेजारच्या जिलानीभाईंकडं. ठेका त्यांच्या नावानं, पण पडदे बांधायची त्यांची बायको, हाजराबी.

तिचं घर एवढंसं, म्हणून बांबूच्या चौकटी आमच्या अंगणात पडायच्या. पायाच्या अंगठ्यात सुतळी धरून ती ओला वाळा कामट्यांत असा दाबून बसवायची, की पलीकडचं दिसू नये पण वारं यावं. माझ्या लुगड्यांना, पिठाला, पोरांच्या डोक्यांना त्या मुळ्यांचा वास. लिंगपूजेला बसले तरी तोच. महादेवानं कधी तक्रार केली न्हाई.

मग दुष्काळ पडला. आम्ही घागरी घेऊन टँकरच्या रांगेत, आणि कचेरीतले पडदे दिवसभर पाणी पीत होते. ते खाऱ्या विहिरीचं पाणी होतं म्हणा, माणसाच्या कामाचं नव्हतं. तरी बाया बोलायच्या. हाजराबी खाली मान घालून ऐकून घ्यायची.

त्याच साली जिलानीभाई तोंड पाडून घरी आले. कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं होतं, नियम बदलला. गुत्तेदार म्हणून राहायचं तर कराच्या खात्यात नाव नोंदवून नंबर काढा; बिलातून कर कापूनच पैसे मिळतील. ते नको असेल तर तुम्ही गुत्तेदार न्हाईच. रोजंदारीवर या, मस्टरवर सही करा आणि पडदे कचेरीतच बसून बांधा. सोमवारी काय ते सांगा.

"मस्टरच बरं," जिलानीभाई म्हणाले. "कटकट न्हाई. आज ना उद्या शिपाई म्हणून कायम करतील."

"आन् मी?" हाजराबीनं विचारलं.

"तू घरी आराम कर."

"मस्टरवर माझं नाव लागंल का?"

"एकाचंच लावतेत म्हणे."

"मग पडदे कोण बांधणार?"

"मी."

हाजराबी हसली न्हाई, म्हणून मलाच हसू आलं. लग्न झाल्यापासून हा माणूस पडदे वाहून नेत होता, टांगत होता, त्यांच्यावर पाणी मारत होता. बांधला मात्र एकही नव्हता.

"बांधा की," ती म्हणाली. सुतळीचा गुंडा त्यांच्यापुढं ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसली.

बिचाऱ्यांनी घाम गाळून बांधला. उभा केला तर निम्मा वाळा घसरून बुडाशी जमला. बाजेवरून आमच्या सासूबाई बोलल्या, "जिलानी, साहेबाला वारं लागंल रे, पर रस्त्यावरून साहेब बी दिसंल."

जिलानीभाई आधी हसले, मग चिडले. "मग काय नंबर काढू? कर कापल्यावर हाती राहतंय काय?"

"काढा. पर माझ्या नावानं काढा."

जिलानीभाईंनी सुतळीचा गुंडा बाजूला सारला.

"लोक म्हणतील, जिलानी बायकोच्या हाताखाली मजूर हाय."

"आत्ता कोण कुणाच्या हाताखाली हाय?" ती हळूच बोलली. मग माझ्याकडं वळली, "अक्का, तुम्हीच सांगा."

मी कशाला सांगते? मी चहा टाकायला उठले.

रविवारभर ते तिच्याशी बोलले न्हाईत. नुसत्या कामट्या तासत बसले. सोमवारी सकाळी मात्र धुतलेला सदरा घालून दारात उभे. "बुरखा घाल," म्हणाले. "उशीर व्हायलाय."

पुरुषांच्या कचेरीत एकट्या बाईला धाक वाटतो, म्हणून मीही गेले. कारकुनानं विचारलं, "गुत्तेदार कोण?" जिलानीभाईंनी मागं न बघताच अंगठा मागं केला. "ह्या."

कारकुनानं आम्हा दोघींकडं बघितलं. "बिलाच्या वेळी ह्यांनाच यावं लागेल अंगठ्याला. घरून चालणार न्हाई."

"येईन," हाजराबी बुरख्यातून म्हणाली.

पहिल्या बिलाला आम्ही गेलो ते ऐन वैशाखात. कर कापला तो कापलाच. कारकून बोट ठेवून सांगत होता आणि ही मान डोलवत होती. मला म्हणाली, "सरकारनं मला बी हिशोबात धरलं बघा, अक्का." कर कापल्यावर खूश झालेलं माणूस मी तेवढं एकच बघितलं.

अंगठा झाला, तरी ती बाकावरून उठेना. खिडकीला तिचाच पडदा होता. बाहेरून जिलानीभाईंनी डब्यानं पाणी मारलं आणि वाऱ्याची झुळूक थेट आमच्या तोंडावर आली, गार, त्या मुळ्यांच्या वासाची. तिनं बुरख्याची जाळी वर केली.

"इतके बांधले," ती म्हणाली, "पर पडद्याच्या मागं कधी बसले न्हाई."

बाहेरून हाक आली, "झालं का गं? चलायचं?"

"थांबा जरा," गुत्तेदारीण आतून म्हणाली. "अजून एक डबा मारा."