चार बोटांवरचा गारवा

“हात काढा वहिनी, भाजून राहिला!”

“भाजून राहिला का नाही, हेच त पाहून राहिली मी.”

“तण मेलं का थे पाहा. राखेत हात कायले घालता?”

रुखमाने हात काढला नाही. एकोडीच्या तलावाच्या पाळीखाली त्यांची पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, बांधी होती. पाझराने भर उन्हाळ्यातही ओल धरणारी. तिच्यावर जाळ करायचा, तणाचं बी मारायचं, मग धान पेरायचं, ही घरची रीत. निम्म्या बांधीवर दीर सुखरामने काल गुडघाभर तणस, धानाचा वाळला पेंढा, जाळलं होतं. उरलेल्या निम्म्यात रुखमाने सकाळी नुसता पातळ पाला पेटवला. आता तिथेही घालायला सुखराम तणसाचा भारा घेऊन उभा.

“दोघं ठरवा,” म्हणून तिचा नवरा यादोराव मोकळा झाला होता.

रुखमा आंबागडची. तिचा बाप उन्हाळ्यात वणवा अडवायला जंगलात जाळरेषा पाडायला जाई. “जाळ वर नोको पाहू पोरी, खाली पाहा,” म्हणे, आणि विझल्या राखेत तिचा हात घालायला लावी. दोन बोटं खोल चटका, चार बोटांवर गारवा, म्हणजे जाळ बरोबर. याच मापाने तिने सतरा वर्षं ही बांधी जाळली. ती लग्न होऊन आली तेव्हा सुखराम उघडानागडा अंगणात फिरायचा. गेल्या साली, एकोणऐंशीत, पहिल्यांदा जाळ त्याच्या हाती गेला.

“गेल्या साली माह्या जाळानं एक तरी तण उगवलं का? सांगा!”

“नाही उगवलं. अन् पऱ्हे उपटताना? मुळ्या मातीत, दांडे हातात! निम्मं वावर रोवण्याविना राह्यलं.”

“पाणी उशिरा सुटलं तलावाचं.”

“बाजूच्या सोमाजीच्या बांधीले बी थेच पाणी होतं. त्याचे काहून नाही तुटले?”

यावर सुखराम भारा खांद्यावर सरकवत राहिला. यंदाही पऱ्हे तुटले तर वावर पुन्हा पडीत, हे त्यालाही कळत होतं.

रुखमाने मूठ वर काढली. ओलसर ढेकळात एक गांडूळ वळवळत होतं.

“आता तुह्या निम्म्यात घाल हात.”

“कायले?”

“भेतं का रे बाप्पा?”

सुखरामने भारा खाली टाकला, मनगटापर्यंत हात खुपसला आणि ओठ आवळले. माती अजून तापलेली. बाहेर आली ती वाळूसारखी, बोटांतून गळून गेली. मागे उरलं एक गांडूळ. शिजल्या शेवईसारखं, निपचित.

“हे मेल्यावर माती कोण पोखरन? तू? पाण्यानं माती घट्ट बसन, मुळी जाईन कुठून?”

“अन् तुमच्या इकडं तण उगवन, त?” आवाज आता खाली आला होता.

“उगवन. निंदन मी करीन. पर थो भारा इथं टाकतं का नाही, थे सांग.”

सुखरामने धोतराला हात पुसला. भारा उचलून डोक्यावर घेतला आणि गोठ्याच्या वाटेने चालू लागला. बैल त्याला पाहून हंबरले, तसा त्याने भारा सोडून तणस त्यांच्या पुढ्यात टाकलं.