वरून दिसलेलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मला झोपेत बोलायची खोड आहे, म्हणून लग्नघरात, पाहुण्यांच्या गर्दीत मुक्काम करायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. बायको म्हणते, माणूसघाणे आहात. म्हणू दे. तेवढ्यावर भागलं हे माझं नशीबच. आता तुम्ही समोर आहात, तर जागेपणीच सांगतो.

मी भूवैज्ञानिक. परभणीला सरकारी नोकरीत होतो, जमिनीखालचं पाणी शोधायचं काम. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद तेव्हा धुमसत होता. आणि त्याच सुमारास आपल्या देशाचा उपग्रह वर गेला, त्यानं काढलेले फोटो आमच्या टेबलावर येऊ लागले. तुम्ही पाहिलाय का कधी तसला फोटो? हिरवं रान त्यात लाल दिसतं, तळं काळंभोर, आणि खडकातली ओल धरलेली भेग असेल तर एक बारीकशी रेघ. त्या रेघा वाचायचं मला वेड लागलं होतं. साध्या पत्र्याच्या खुर्चीत बसून मी आकाशातून जमीन बघत होतो — कुणाला नाही आवडणार?

आदेश स्वच्छ होता. ज्या वस्त्यांना प्यायला पाणी नाही, त्यांच्यासाठी फोटो आधी वाचायचे, रेघ जिथून जाते तिथे बोअर मारायची. गावाला एकच.

पण रेघ सापडली तरी जागेवर जाऊन बघावं लागतं. जायला जीप लागते. आमच्या ऑफिसची जीप कायम गॅरेजात. मग जीप यायची ती बोअरच्या गाड्यांचा ठेका घेतलेल्या कंपनीच्या शेठची, डिझेल त्याचं, दुपारचं जेवणही त्याचंच. आणि शेठची जीप वळायची ती सभापती सांगतील तिकडे. सभापती म्हणजे पंचायत समितीचे. कुठल्या गावाचा फोटो आधी वाचायचा आणि कुठला कपाटात ठेवायचा, हे डाकबंगल्यावर मटणाच्या ताटावर ठरायचं. उसाच्या पट्ट्यातली गावं वर, कारण तिथे एक सरकारी बोअर लागली की शेठला दहा खासगी मिळायच्या. पेपरात छापून यायचं, अंतराळविज्ञान गरिबाच्या दारी. मी ते कात्रण भिंतीला लावलं होतं.

माझ्यावर दबाव होता, असं म्हणू का? नाही म्हणत. मला हैदराबादला उपग्रहाच्या प्रशिक्षणाला जायचं होतं आणि सभापतींची शिफारस हवी होती. पण तेही अर्धंच खरं. उरलेलं पुढे येईलच.

बोरीकडचं एक गाव. नाव सांगत नाही. नामांतराच्या दंगलीत तिथल्या बौद्धवस्तीतली घरं जळाली होती आणि तेव्हापासून गावच्या विहिरीवर त्यांना पाय ठेवू देत नव्हते. बायका लांबच्या ओढ्यात झिरे उकरून पाणी आणायच्या. फोटोतली रेघ नेमकी त्या वस्तीच्या अंगणातून गेली होती. इतकी ठसठशीत रेघ मी त्या वर्षात दुसरी पाहिली नव्हती. ती पुढे जाऊन सभापतींच्या उसाच्या बांधाला शिवायची. सभापतींना बोअर त्या बांधावर हवी होती.

ते तर कागदावर करता आलं असतं. अडचण वेगळीच होती. सरकारची वाट बघून थकलेल्या त्या लोकांनी स्वतःच विहीर खोदायला घेतली होती. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबायचं, आणि परतल्यावर पहार-टोपलं घेऊन खड्ड्यात उतरायचं. बाया, म्हातारे, सगळे. त्यांना पाणी लागलं असतं तर वस्तीखाली पाणी नाही हा माझा अहवाल खोटा ठरला असता. आणि सभापती वेगळंच बोलले होते — "पानी लागलं की मान वर करत्यात हे. तुमी जाऊन सांगा. तुमचं ऐकतेत, तुमी शास्त्रज्ञ."

मी गेलो. जीप रस्त्यावर थांबली, मी पायी वस्तीत गेलो. मला घाई नव्हती.

आधी मी खड्ड्यात उतरलो. बाजूला खोबण्या पाडल्या होत्या, दोर धरून तळाला गेलो. वर पोरंबाळं, बाया वाकून बघत होत्या. तळाचा मुरूम ओला होता. मी टाच दाबली, टाच रुतली. पाय उचलला, तर त्या खळग्यात हळूहळू पाणी जमलं.

हे मी बघितलं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या डोळ्यांनी. आणखी दोन-चार हात खाली गेले असते की झालं होतं. कळतंय ना, मला काय माहीत होतं?

वर आलो. त्यांनी बाज टाकली होती, तिच्यावर मी फोटो पसरला. सगळे दाटीवाटीनं उभे. पुढे गयाबाई होती. वस्तीतली वयानं मोठी, तिच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. विहीर खोदायचं तिनंच काढलं होतं. तिनं फोटोला हात लावला नाही, हात मागे बांधून वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "सायेब, इतक्या वरून जात दिसती का वो?"

मी म्हणालो, "नाही मावशी."

"आमची घरं न्यारी दिसत न्हाईत?"

"सगळी सारखीच. उपग्रहाला कोण कुठला ते कळत नाही. तो फक्त जमीन बघतो."

तिचा चेहरा उजळला. शेजारणीला म्हणाली, "ऐकलंस का? त्याला कळत न्हाई." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला जात न विचारता बघितलं होतं, अशी ती उभी होती. आणि मला — हे मघाचं उरलेलं — मला गंमत वाटली. पकड कुठे आहे ते मला सापडलं. मी तिला मावशी म्हणालो होतो ते प्रेमानं नव्हे. आता ही बाई माझा शब्द खाली पडू देणार नाही, हे मी ओळखलं आणि मला ते आवडलं.

मी रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणालो, हा अखंड खडक आहे. तुमच्या वस्तीखाली पाणी नाही. खाली कितीही खोदा, कोरडंच लागेल. उगाच रक्त आटवू नका. उपग्रहानं निवाडा दिलाय, आणि तो कुणाच्या बाजूचा नाही.

एका बाईनं हातातलं टोपलं खाली ठेवलं.

मग गयाबाईचा मुलगा पुढे आला, प्रल्हाद. नामांतराच्या मोर्चात जाऊन आलेला, काठीचा वळ अजून कपाळावर होता. तो फोटोकडे बघतच नव्हता. माझ्या पायाकडे बघत होता. "खाली कोरडं हाय तर तुमच्या बुटाला गारा कशाचा, सायेब?"

सगळ्यांनी माझे बूट बघितले. पिवळट ओला मुरूम टाचेपर्यंत चिकटलेला.

मी हसलो. मोठ्यानं हसलो. म्हणालो, "घागरी सांडता तुम्ही आणि पाणी लागलं म्हणून नाचता." दोघं-तिघं खाली बघून ओशाळं हसले. त्यांनी हसावं असंच मला हवं होतं. प्रल्हाद म्हणाला, "आये, ह्यो खोटं बोलायलाय." गयाबाईनं त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्यांदेखत, एवढ्या मोठ्या पोराच्या. मग ती आत गेली आणि पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आली. पोराच्या वतीनं माफी म्हणून. "पाय धुवा सायेब. राग मानू नगा, पोरगं येडं हाय."

ते पाणी कुठून आलं होतं ते मला माहीत होतं. मी तांब्या घेतला आणि बूट धुतले. सावकाश, आधी एक, मग दुसरा. कडेचा, शिलाईतला मुरूम बोटानं काढला. तांब्या रिकामा झाला तेव्हा मी म्हणालो, "अजून आहे का?" तिनं आणून दिलं. प्रल्हाद ते बघत उभा होता. धुतलेल्या चिखलाचा ओघळ त्याच्या पायाशी गेला, तरी तो हलला नाही.

त्या आठवड्यात खोदाई थांबली. गुरं पडतील म्हणून सभापतींनी गाड्या लावून खड्डा बुजवला. प्रल्हाद एकटाच बुजवलेलं उकरायला लागला होता, आईनं त्याच्या हातातली पहार काढून घेतली आणि घराबाहेर हाकललं, असं शेठच्या ड्रायव्हरनं मला हसत सांगितलं. सभापतींच्या बांधावर बोअर लागली, पाणी पुरुषभर उंच उडालं. नारळ फुटले, शेठनं पेढे वाटले. उपग्रहानं शोधलं पाणी, असा पेपरात मथळा आला, खाली माझा फोटो. मी हैदराबादला जाऊन आलो. पुढे बढती मिळाली. झोप कधी उडाली नाही. बडबडलो असेन, पण झोपलो.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खरं सांगायचं ते अजून बाकी आहे.

नामांतर झालं त्यानंतर थोड्याच दिवसांनी पाथरीच्या एस.टी. स्टँडवर मी उभा होतो. एक म्हातारी जवळ आली, माझ्या तोंडाकडे निरखून बघू लागली. "फोटूवाले सायेब न्हवं का तुमी?" गयाबाई. वाळून काटकी झाली होती. वस्ती मोडली म्हणाली, निम्मे पुण्याकडे गेले, ती पाथरीत बहिणीकडे असते. प्रल्हाद त्या वेळी गेला तो परत आलाच नाही. कुणी भिवंडीत बघितला म्हणतं, कुणी म्हणतं मेला.

"मीच म्हणले त्याला, त्वांड दावू नगं. शिकल्यासवरल्या मानसाला खोटं पाडायलाय म्हणून." तिनं काखेतलं गाठोडं खाली ठेवलं. मग माझी बाही धरली. "सायेब, आता काय लपवायचं हाय? एकदा सांगा. पोरगं खरं बोलत तर न्हवतं ना?"

तिथे सभापती नव्हते, ते निवडणूक हरून घरी बसले होते. शेठ नव्हता. शिफारस नको होती, माझं काहीही अडलं नव्हतं. एक शब्द होता, आणि तो ऐकून ती पोराला शोधायला निघाली असती, तो कुठे जिवंत असलाच तर. ऐकणारंही दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "नाही मावशी. पोरगं चुकीचंच होतं."

तिनं बाही सोडली. "व्हय," म्हणाली, "मलाबी तसंच वाटायचं." तिची एस.टी. लागली. चढताना तिला गाठोडं पेलवेना, ते मीच वर चढवून दिलं.