सरांनी परत घेतलेला शब्द

त्या दिवशी सकाळी भोंगवलीहून एसटीत बसले आणि काकूंचा, म्हणजे आमच्या सरांच्या बायकोचा, फोन आला. "सुटले गं हे..." एवढंच म्हणाल्या. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या, घोटभर पाण्यासाठीही दुसऱ्याची वाट बघणाऱ्या सरांबद्दल ते ऐकून, खरं सांगते, मला हायसंच वाटलं. रडू नंतर आलं, भोरच्या स्टँडवर उतरल्यावर. आज महिना उलटून गेला.

सर आम्हाला अकरावी-बारावीला तत्त्वज्ञान शिकवायचे. वर्गात बोटांवर मोजण्याइतकी पोरं. बाकीच्यांच्या लेखी हा रिकामटेकड्यांचा उद्योग. धर्म आणि नीती शिकवताना सर पुस्तक मिटायचे आणि विचारायचे, घरी काय चाललंय? एकदा मी सांगून बसले की मी पास व्हावं म्हणून आमच्या आबांनी देवाला बोकडाचा नवस बोललाय. झालं! त्यात बोकडाचा काय गुन्हा, यावर तासभर आम्ही तावातावानं भांडलो. सर बोकडाच्या बाजूनं. निकालानंतर आबांनी नवस फेडला, तर जेवायला सर हजर! मी फणकाऱ्यानं जाब विचारला. म्हणाले, माझं मत तेच आहे, पण आबांचं मन मोडून ते सिद्ध होणार नाही. मग आबांच्या मांडीला मांडी लावून रस्सा-भाकरी खात बसले. आबा त्या दिवसापासून त्यांचं नाव काढलं की हात जोडायचे.

आजारपणात एकदा सरांनी माझा हात धरला. म्हणाले, माझ्यामागं दहावं नको, पिंड नको. काकू हट्ट धरेल, तू आडवी ये. मी शब्द दिला. देऊन बसले म्हणा! कारण सर गेले त्याच दिवशी काकू म्हणाल्या, "दहावं केल्याबगर माझ्या गळ्याखाली घास उतरायचा न्हाई." आता आली का पंचाईत? गेलेल्याला दिलेला शब्द मोठा, की मागं राहिलेलीचा जीव? असले प्रश्न सरच घालायचे, आणि विचारायला आता सर नव्हते. काकू नुसत्या चहावर होत्या. मी त्यांची नजर चुकवत राहिले... शेवटी न राहवून सगळं सांगून टाकलं.

"अगं येडे, मला म्हाईत हाय," काकू म्हणाल्या. "जायच्या आधी बोलले हे. पोरीला उगा शब्दात अडकावलं म्हणाले, चुकलं माझं. ती अडली तर सांग, शब्द परत घेतला. आन् तुला बरं वाटंल ते कर."

छातीवरचा धोंडा उतरला बघा. मी त्यांच्या गळ्यात पडून पोटभर रडले.

दहाव्याला नीरेकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, पण एकही खाली उतरेना. पुतण्यानं काकूंना सांभाळायचं कबूल केलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हात जोडले. उन्हं तापली. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. काकूंना किती लागलं असेल, म्हणून त्यांच्याकडे बघायचा मला धीर होईना. बघितलं, तर त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"मेल्यावर बी हार मानायचं न्हाईत हे," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "चल बाई घरी. लई भूक लागलीया."