साडभावाचा डेक

अकोल्याच्या साळीनं, बायकोच्या धाकट्या बहिणीनं, फोनवर सांगितलं की त्यांच्या गच्चीवर डेक बसवायचा ठरलाय, तेव्हा आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, बुचकळ्यात पडले. डेक म्हणजे त्यांच्या लेखी वरातीत गाणी वाजवणारा. "या वयात मले डेक काहून पाह्यजे?" असं ते माझ्या बायकोला विचारत बसले. मी समजावलं की हा डेक म्हणजे पाट्या ठोकून केलेली बैठक. समजावताना माझं तोंड कडू झालं होतं, कारण ती कुणासाठी चालली होती हे मला ठाऊक होतं.

मामाजींना दोनच मुली. कपाशीनं लागोपाठ दगा दिला तशी त्यांनी बार्शीटाकळीची शेती मक्त्यानं लावली आणि ते अमरावतीला आमच्याकडे आले. माझं सुतारकाम. त्या वर्षांत खेड्यापाड्यांत कुणी घर बांधत नव्हतं, दारं-चौकटी करायला कुणी येईना. हात रिकामे होते म्हणून मी मागच्या अंगणात मामाजींसाठी सागवानाची बैठक केली. सकाळचा चहा ते तिथेच घ्यायचे, मी शेजारी. माझे वडील मी लहान असतानाच गेलेले. दोन वर्षांत मी मामाजींना आपलेच समजून बसलो होतो. आता धाकटी त्यांना मागत होती. तिचा नवरा, म्हणजे माझा साडभाऊ, सरकारी नोकरीत, पाऊस येवो न येवो, त्याचं काही अडत नव्हतं. माझा नुसता जळफळाट होत होता.

त्यात साडभावानं मलाच सल्ल्याला बोलावलं. लाकडातला माणूस घरात असताना दुसऱ्याला कशाला विचारायचं, असं त्याचं म्हणणं. मी सागवानाचा एक तुकडा पिशवीत टाकून गेलो. त्याच्याकडे नमुन्याची पाटी आली होती. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र दाबून केलेली, दिसायला मात्र झकास. दोन्ही तुकडे गच्चीच्या कठड्यावर ठेवून आम्ही चहा प्यायला आत गेलो.

चहा पिता पिता मी बरंवाईट दोन्ही सांगितलं. याला उधई-वाळवी लागणार नाही, दरवर्षी तेलपाणी नको, पावसात कुजणार नाही, पायात लाकडाची सल जाणार नाही. पण ओरखडा पडला तर रंधा मारून काढता येणार नाही. उन्हात पाट्या फुगतात, मधे फट ठेवावी लागेल. खालचे आधार जवळजवळ घ्यावे लागतील, नाहीतर पाटी लवते. साडभाऊ कागदावर लिहून घेत होता. हे सगळं खरंच होतं.

मग मी तुकडे उचलायला बाहेर गेलो. सागवान कोमट होतं. त्या पाटीला हात लावला आणि बोटं झटकन मागे घेतली. दिवस हिवाळ्याचे होते. अकोल्याचं वैशाखातलं ऊन कसं असतं ते मला कुणी सांगायला नको. आत आलो तेव्हा साळी रंगांचं पुस्तक उघडून बसली होती. "भाऊजी, गडद तपकिरी घेऊ काय?" तिनं विचारलं. गडद रंग आणखी तापतो. मी म्हणालो, चांगला दिसेल.

मी मुद्दाम गप्प राहिलो. उन्हाळ्यात त्यावर कुणी बसू शकणार नाही, मामाजी कंटाळतील आणि आपणहून अमरावतीला येतील, एवढाच माझा हिशोब होता.

डेक झाला. मामाजी चार दिवसांसाठी म्हणून गेले ते तिकडेच रमले. फोनवर डेकचं कौतुक ऐकून मी बायकोवर उगाच डाफरायचो. सागवानाला तेल लावायचं होतं, तेही त्या वर्षी लावलं नाही.

मे महिन्यात एका दुपारी साळीचा रडत फोन आला. तिनं तुळस डेकवर ठेवली होती, आणि तुळशीपाशी चप्पल न्यायची नाही हा त्या घरचा नेम. मामाजी भर उन्हात अनवाणी तुळशीला पाणी घालायला गेले. शुगरनं त्यांचे पाय बधिर झाले होते, हे मलाही माहीत होतं. पाटी भाजतेय हे त्यांना कळलंच नाही. खाली आले तेव्हा फरशीवर ओले ठसे पाहून साळीनं तळवे बघितले.

मी संध्याकाळपर्यंत अकोल्याच्या दवाखान्यात पोचलो. दोन्ही पाय पट्ट्यांत होते. साडभावानं मला सरळ विचारलं, हे इतकं तापते हे तुम्हाला मालूम नव्हतं काय? मी तोंड उघडण्याआधीच मामाजी त्याच्यावर खेकसले.

"त्याइले मालूम असतं तं त्याइनं सांगतलं नसतं काय?"

साडभावानं मान खाली घातली आणि माझी माफी मागितली.

आठवड्यानं मामाजींना सुट्टी मिळाली. आता अमरावतीलाच राहीन, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. साळी त्यांचे कपडे पिशवीत भरत होती. पिशवी माझ्या हातात देताना ती म्हणाली, "भाऊजी, माह्याच्यानं नाही झालं बाबांचं. तुमीच नीट करान."

मी पिशवी घेतली आणि म्हणालो, असू दे, होते असं कधी कधी.