काट्यावरचं गाठोडं

लोणावळा स्टेशनवर मी पार्सल क्लार्क होतो, तेव्हा तुंगार्लीच्या बंगल्यांचा एक म्हातारा रखवालदार रोज संध्याकाळी सायकल घेऊन यायचा. त्याला सायकलवरून रामेश्वरला जायचं होतं. सामानाचं गाठोडं तो न विचारता माझ्या काट्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "बगा मास्तर, कमी झालं का?"

दिवसभर पेट्या ओढून माझे खांदे भरून आलेले असायचे. तरी मी बघायचो.

आधी त्यानं घोंगडी काढली. "भिजली की म्हसच वागवायची," म्हणाला. तिच्या जागी मेणकापड आलं. सायकलला बांधून ताणलं की तंबू तयार. मग कंदील गेला. "निजायला उजेड कशाला?" तांब्या जाऊन नारळाची करवंटी आली. काटा खाली आला की तो खुदकन हसायचा. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा मात्र वाजत राहायचा. दुसऱ्यांचे रिकामे पलंग राखण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं.

"आबा, निघणार तरी कधी?" मी वैतागून विचारायचो.

"अजून जड हाय."

एका संध्याकाळी त्यानं गाठोडं सायकलवरून काढलंच नाही. कमरेचा जुडगा सोडून माझ्या हातात दिला. "मालक आलं की द्या. ह्येच लय जड व्हतं." आणि मागं न बघता पुण्याच्या रस्त्याला लागला.

मालक उन्हाळ्याशिवाय येत नसत. माझ्या टेबलाला कुलूप नव्हतं. शेवटी मी जुडगा कमरेला अडकवला आणि घराकडे निघालो. पावलागणिक तो वाजत होता.