केटिफ

सोलापूरच्या एसटी स्टँडसमोरच्या कँटीनमध्ये ते रोज सकाळी माझ्या समोर बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. चहा बशीत ओतून निवू द्यायचे आणि तोवर पुठ्ठा निघालेली जुनी इंग्रजी डिक्शनरी वाचायचे. इंग्रजीतल्या मेलेल्या शिव्यांचा त्यांना भारी नाद.

त्या दिवशी त्यांनी 'केटिफ' या शब्दावर बोट ठेवलं.

"म्हणजे नीच, पापी. आता कोण वापरत नाही. पण मूळ अर्थ काय? नुसता पकडलेला माणूस, कैदी. गुन्हा केला का नाही, कोण विचारतो? पकडला की झाला नीच."

"इंग्रज लोक भलतेच की," मी हसलो.

"आपलं काय वेगळं हाय? मी हायस्कूलला इंग्रजी शिकवायचो. खोट्या केसमध्ये आत गेलो. निर्दोष सुटलो, तरी आता कुंभारीला खोली घेऊन एकटाच राहतो."

त्यांच्या पिशवीतून मोगऱ्याचा हार डोकावत होता. विषय बदलायचा म्हणून विचारलं, "देवाला वाटतं?"

"न्हाय. आज तिकडं बायकोच्या घरी मुलीला बघायला पाहुणे येणार हायेत. बाप जेलात होता म्हटलं की स्थळ मोडतं. म्हणून बाप वारला म्हणून सांगितलंय. भिंतीवर फोटो लावलाय माझा."

धडधडीत जिवंत माणूस समोर बसून हे सांगत होता!

त्यांनी बशी तोंडाला लावली, चहा संपवला आणि हार पिशवीत नीट सारला.

"मागच्या दारानं देऊन येतो. पाहुण्यांसमोर शिळा हार बरा दिसत न्हाय."